वयात येण्याआधी

१९९४ साली शिरूरच्या वसतिगृहातल्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या काही मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रियेनं काढली गेली. कारण काय, तर त्यांना पाळीची स्वच्छता जमत नाही! शिकवण्यापेक्षा कापणं सोपं वाटलं.

शिकवायचं कसं, हे सांगणाऱ्या या अंकाचा विषय आहे स्वमग्न मुलामुलींचं वयात येणं. बोलणं उशिरा आलं म्हणून दाढीमिशा उशिरा येत नाहीत. पॅडचा स्पर्श खुपत असेल, तर पाळी सुरू होण्याच्या कितीतरी आधी पॅड थोडा थोडा वेळ लावून पाहावं. चड्डीवर त्याची जागा आखून द्यावी, बदलण्याच्या पायऱ्यांची चित्रं न्हाणीघरात चिकटवावीत. ट्रिमरची घरघर सोसत नसेल, तर आधी तो बंदच हातात द्यावा. आणि मुलगा चारचौघांत चड्डीत हात घालतो तेव्हा ओरडू नये. ‘हे एकटं असताना, दार लावून’ एवढंच सांगावं, दर वेळी त्याच शब्दांत. (स्वतंत्र खोली किती घरांत असते, हा प्रश्न आहेच. घरचं न्हाणीघर चालेल.)

अवयवांची खरी नावं शिकवा. कुणी नको तिथे हात लावला, तर कुठे लावला हे मुलाला सांगता किंवा चित्रावर दाखवता आलं पाहिजे. या सगळ्या तयारीची सुरुवात आठव्या-नवव्या वर्षीच करा.