बुरूज जपला, वाडा पाडला

हिरकणीवाडीतून वर पाहिलं की रायगडाचा कडा अंगावर येतो. तान्ह्या बाळासाठी अंधारात हा कडा उतरलेल्या हिरकणीच्या नावाचा बुरूज गडावर आहे. ही लोककथा असली तरी तिची खूण आपण जपली, आणि ते चांगलंच केलं.

मग पुण्यातल्या भिडेवाड्याचं काय झालं? बुधवार पेठेतल्या या वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. ही तर दंतकथा नाही! तरी वाडा अनेक वर्षं कोर्टकचेरीत अडकून झिजत राहिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये रातोरात जमीनदोस्त झाला.

इमारत धोकादायक होती, स्मारकासाठीच पाडली, असं सांगितलं जातं. ठीक आहे. पण ते स्मारक कशाचं? पुतळ्याला वर्षातून दोनदा हार घालायचे आणि उरलेले दिवस कुलूप लावायचं, हे शाळेचं स्मारक नव्हे. तिथे रोज मुलींचा वर्ग भरला पाहिजे. घंटा वाजली पाहिजे.

आता थोडं आपल्या लोकांशी बोलतो. फुले दांपत्याला घर सोडावं लागलं तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला. १८५६ साली माहेराहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाईंनी फातिमाची आठवण काढली आहे. ती नव्हतीच, असं कोणी म्हटलं की आपण चिडतो. चिडायलाच हवं. पण दर ९ जानेवारीला मोबाईलवर फातिमाचं चित्र फिरवणाऱ्या आपल्यातलेच काही जण दहावीनंतर लेकीचं नाव काढतात. ‘कॉलेज लांब आहे, जमाना खराब आहे, स्थळ चांगलं आलंय.’ जमाना १८४८ मध्ये काय चांगला होता? सावित्रीबाईंच्या अंगावर तेव्हा शेणगोळे पडत होते.

आमच्या महाडात डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेबांना कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. उस्मानभाईंनी घर दिलं, फत्तेखानांनी जमीन दिली. आपल्याकडे ना कोणी घर मागतंय, ना जमीन. लेकीला एसटीचा पास काढून द्यायचा आहे, एवढंच. तेवढंही होत नसेल, तर फातिमाचं नाव घेण्याचा हक्क आपल्याला नाही.