दात बुजविला, पेशींचे काय?

रूट कॅनाल उपचारात क्वचित दाताच्या मुळाला छिद्र पडते. ते बुजविणारे द्रव्य दात व हाड यांना जोडणाऱ्या तंतूंतील जिवंत पेशींना थेट भिडते. तेथील दाह शमला तर ऊती पुन्हा जुळतात. रेंगाळला तर हाड झिजून दात हलू लागतो.

पूर्वी या कामी चांदी-पाऱ्याचे मिश्रणही वापरीत. १९९३ च्या सुमारास डॉ. महमूद तोराबिनेजाद यांच्या संशोधनातून पोर्टलंड सिमेंटच्या जातीचे ‘एमटीए’ पुढे आले. ताजे कालविलेले असताना त्याची तीव्र अल्कता पेशींना झोंबते. घट्ट झाल्यावर मात्र त्याच पृष्ठभागावर पेशी चिकटून वाढतात. रेझिनमधून मोनोमर झिरपल्यास पेशींना इजा पोहोचू शकते.

परंतु प्रयोगशाळेच्या बशीत रक्तप्रवाह नसतो, मधुमेहही नसतो. केवळ प्रयोगावर विसंबण्यातील धोका आपल्या हैदराबादने पूर्वीच पाहिला आहे. डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८-८९ मध्ये येथे शेकडो प्राण्यांवर प्रयोग होऊन, क्लोरोफॉर्म हृदयाला थेट घातक नाही, असा निर्वाळा दिला गेला. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांच्या संशोधनाने तो खोडून काढला.

म्हणून दंतवैद्यांनी कोणते द्रव्य भरले ते रुग्णाला लिहून द्यावे आणि वर्षभराने क्ष-किरण चित्र काढून हाड भरले की नाही ते पाहावे. ठणका थांबला म्हणजे उपचार संपला, असे रुग्णांनीही मानू नये. द्रव्याची खरी परीक्षा त्या दुसऱ्या भेटीतच होते.