हवापालटाला ग्वाल्हेर?

गणपती उठले की आमच्याकडे एका ठरावीक प्रकारच्या पत्रांना सुरुवात होते. पूर्वी ती अंतर्देशीय असत, आता बहुधा दूरध्वनीवरचे संदेश असतात. मजकूर मात्र बदललेला नाही. यंदा पहिले पत्र बडोद्याच्या एका शिक्षक वाचकांचे आले. घरात वृद्ध आई, दोन शाळकरी मुले, दसऱ्यानंतर चार दिवसांची सवड. थंड हवेच्या ठिकाणचे दर परवडत नाहीत आणि तिथली गर्दी आईंना सोसत नाही. "ग्वाल्हेर कसे?" असे विचारून ते पुढे लिहितात, "वडील म्हणत, ते गिरण्यांचे आणि धुराचे गाव. तिथे कोणी हवापालटाला जाते का?"

या प्रश्नाला आम्ही गेली पंचवीस वर्षे एकच उत्तर देत आलो. एक दिवस किल्ला, अर्धा दिवस राजवाडा, आणि मग गाडीत बसून सरळ आग्र्याला जा! यजमानाने पाहुण्याला दुसऱ्या गावाची वाट दाखवावी, हे आतिथ्याच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. पण आम्हाला त्यात काही वावगे वाटत नसे. आपल्या गावाची आम्हाला थोडी शरमच वाटत होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. ती शरम कशी गेली ते पुढे सांगू. आधी धुराचा निकाल लावला पाहिजे.

बडोद्याच्या त्या वडिलांनी पाहिलेले ग्वाल्हेर खोटे नव्हते. दिल्लीकडून येताना ग्वाल्हेरच्या अलीकडचे स्थानकच मुळी बिर्लानगर या नावाचे आहे. घनश्यामदास बिर्ला यांची जयाजीराव कॉटन मिल येथे १९२१ साली उभी राहिली. १९४७ च्या ऑगस्टात, म्हणजे स्वातंत्र्य मिळाले त्याच महिन्यात, ग्वाल्हेर रेयॉन ही कंपनी स्थापन झाली. आज जिला ग्रासिम म्हणतात ती हीच. फाळणीनंतर सिंधमधील सक्करचे मंघाराम येथे आले आणि त्यांच्या बिस्किटांचे डबे घरोघर पोहोचले. ग्वाल्हेर सूटिंगचे कापड तर आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या लग्नाच्या कपड्यांत अजून पेटीच्या तळाशी असेल. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात जयाजीराव मिल बंद पडली आणि तिची धुराडी थंडावली. आज कारखाने आहेत ते शहराबाहेर, भिंडच्या वाटेवर मालनपूरला आणि मुरैन्याच्या वाटेवर बानमोरला. तेव्हा धूर गेला. पण त्याच्या जागी धूळ आली, वाहने आली, आणि कर्ण्यांचा असा काही गलबला आला की शांतता, सरोवर आणि गर्द झाडी ज्यांना हवी आहे त्यांनी इकडे मुळीच येऊ नये. ते आम्हाला शिव्या देतील, आणि त्या रास्त असतील.

ऋतूची गोष्ट वेगळी. मे महिन्यात येथे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, आणि जानेवारीत धुक्यामुळे गाड्यांचे वेळापत्रक म्हणजे निव्वळ कविकल्पना ठरते. परंतु कोजागिरीपासून वसुबारसेपर्यंतचे जेमतेम बारा दिवस मात्र ग्वाल्हेरचे आहेत. दुपारी ऊन लागते खरे, पण पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटते. पावसाने धुतलेला किल्ल्याचा वालुकाश्म सायंकाळी मधासारखा दिसतो. दिवाळी उलटली की फटाक्यांचा धूर आणि गारठा एकत्र बसतात. म्हणून आमचा आग्रह एवढाच, की यायचे तर या बारा दिवसांत या.

किल्ल्याविषयी बहुतेकांना बहुतेक ठाऊक असते. मानसिंह तोमराचा निळ्या टवक्यांचा आणि पिवळ्या बदकांच्या रांगांचा राजवाडा, १०९३ चे सासबहू मंदिर, तेली का मंदिर, कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती. गुरू हरगोविंदांच्या सुटकेची आठवण जपणारा दाता बंदी छोड गुरुद्वाराही वरच आहे, आणि शीख बांधव दिवाळीला ती सुटका साजरी करतात. परंतु मोटारीने उरवाई दरवाजातून वर जाणाऱ्याचे एक नुकसान होते. पूर्वेच्या पायवाटेवर, चढाच्या कडेला, एकाच खडकात कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे मंदिर आहे. त्यातल्या इसवी सन ८७६ च्या शिलालेखात देवाच्या बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या माळा ५० असे आकडे आहेत, आणि त्या दोन्ही आकड्यांत शून्य आहे. आज आपण काढतो तसेच, फक्त किंचित लहान. याहून जुना शून्य कंबोडियातील शिलालेखात सापडला आहे, तेव्हा जगातला पहिला वगैरे गर्जना आम्ही करीत नाही. पण आमच्या वर्गातली गणितात नापास होणारी मुलेसुद्धा त्या भिंतीपुढे एक मिनिट गप्प उभी राहतात. मुख्याध्यापकाला यापेक्षा अधिक काय हवे!

खालचे लष्कर आपल्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये येथे तळ दिला, तो पुन्हा उठलाच नाही. छावणीचे शहर झाले आणि नाव तेवढे लष्कर राहिले. शिंदे की छावनी, फालका बाजार, चिटनीस की गोठ ही नावे रिक्षावाल्याच्या तोंडून ऐकताना मौज वाटते. 'शत्रूच्या गोटात' म्हणतो तोच हा गोट, असे आम्ही समजतो. हिंदीत येऊन त्याला ठ चिकटला. राजकवी भा. रा. तांबे यांनी १९४१ साली याच शहरात देह ठेवला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी ग्वाल्हेरची गायकी शिकले आणि ती दक्षिणेत घेऊन गेले. पुण्या-मुंबईत आज जो ख्याल ऐकू येतो त्याचे एक मूळ या गल्ल्यांत आहे. १९१८ मध्ये भातखंड्यांच्या पद्धतीने शिकवणारे माधव संगीत विद्यालय येथे निघाले. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे शहर म्हटले, तेव्हा आमच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "त्यांना आत्ता कळलं का?" वाड्यांतली मराठी मात्र ओसरत चालली आहे. पूर्वी ज्या आळीत दहा घरांपुढे दिवाळीचे किल्ले होत, तिथे आता दोन होतात, आणि त्यातल्या एका किल्ल्यावरचा शिवाजी हिंदीत बोलतो.

आता शरमेची हकीकत. २०१९ च्या आश्विनात बडोद्याहूनच आमच्या आतेबहीण आल्या. आमच्याहून वीस वर्षांनी वडील. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्यांचा जन्म बिर्लानगरच्या मिलच्या घरांतला. वडील तिथे हिशेबखात्यात होते. लग्न होऊन गेल्या त्या जवळजवळ पन्नास वर्षांनी परत येत होत्या. आम्ही शाळेच्या वेळापत्रकासारखा कार्यक्रम आखला होता: दहा ते बारा जयविलास राजवाडा, एक ते चार किल्ला, पाचला फुलबागेजवळची राणी लक्ष्मीबाईंची समाधी. राजवाड्यात साडेतीन-साडेतीन टनांची ती झुंबरे पाहून झाल्यावर अक्का पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "झुंबरं पाहिली रे. आता मला हजिऱ्याला ने."

आम्ही म्हणालो, "अक्का, तिथे काय आहे? पडक्या भिंती आणि झुडपे."

"असेल ते बघू," त्या म्हणाल्या.

रिक्षात आम्ही मुकाट बसलो होतो. वाटेत फाटकापाशी दोन फुटी रुळांवरची श्योपुरची छोटी गाडी लागली. अक्कांनी पोरीसारखा हात हलवला. (पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, ती गाडी बंद झाली. जवळजवळ दोनशे किलोमीटरचा तो मार्ग आता मोठ्या रुळांचा होतो आहे. मुक्तिबोध त्याच श्योपुरचे. घरी मराठी, आणि कविता हिंदीत.) मिलच्या भिंतीशी उतरल्यावर अक्कांनी आम्हाला काही विचारले नाही. घरांच्या रांगेतून दारे मोजत चालू लागल्या आणि एका दारापाशी थांबल्या. दार उघडणाऱ्या बाई भिंडकडच्या होत्या. त्यांनी क्षणभर पाहिले, अक्कांनी दोन वाक्ये सांगितली, आणि आम्ही आत खाटेवर बसून चहा घेत होतो. अक्कांनी छताकडे बोट दाखवले. पाळण्याची लोखंडी कडी अजून तिथेच होती. "आमचीही मुले हिच्यावरच वाढली," बाई म्हणाल्या. मग दोघींचे बोलणे जे सुरू झाले ते मिलच्या भोंग्यावर. पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला डबा, तिसऱ्याला वडील दाराबाहेर. आणि मिल बंद झाल्यावर कित्येक महिने लोक त्याच वेळेला उठून बसत, हे त्या बाईंनी सांगितले. दोघींनाही घड्याळाची सवय फार उशिरा लागली होती.

तिथून तानसेनाची समाधी अगदी जवळ. महंमद घौस यांच्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्या पाहण्यासाठी लांबून लोक येतात, आणि त्याच आवारात तानसेनाची साधी, उघडी समाधी आहे, चिंचेचे झाड आहे. त्याचा पाला खाल्ला की आवाज गोड होतो अशी समजूत. अक्का हसल्या. "आमचा तर हा खेळायचा बाग होता रे! मिलमधली सगळी पोरं इथे यायची. तानसेन कोण ते मला सासरी गेल्यावर कळलं. तिथे फैयाजखाँसाहेबांचं नाव निघालं की लोक कान पकडतात, आणि मी सांगायची, तानसेनाच्या चिंचेवर आम्ही दगड मारलेत!" त्यांनी दोन पाने तोडून एक आमच्या हातावर ठेवले. आवाजात फरक पडला नाही. आमच्या शाळेतील प्रार्थनेचे साक्षीदार तसे सांगतील.

त्या रात्री आम्ही आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांचा गठ्ठा तपासीत होतो. विषय होता, 'माझे शहर'. निम्मी मुले त्याच घरांतून आणि आसपासच्या वस्तीतून येणारी. एकूण एक मुलाने किल्ला आणि राजवाडा लिहिला होता. आपल्या आळीविषयी कोणीही अक्षर लिहिले नव्हते. लिहितील कसे? आम्हीच त्यांना शिकवले होते की तिथे पाहण्यासारखे काही नाही. तेव्हापासून दर आश्विनात एक वर्ग घेऊन आम्ही हजिऱ्याला पायी जातो.

इतर वाचकांसाठी थोडे व्यावहारिक. बेळगाव-मिरजेकडच्यांना गोवा एक्स्प्रेस थेट आणते, हैदराबादकरांना तेलंगणा एक्स्प्रेस, मुंबईहून पंजाब मेल आहेच. न्याहारीला बेडई आणि कचोरी मिळते. वृद्धांनी बेतानेच खावी. गजक थंडी पडू लागली की ताजी निघते, तेव्हा ती शेवटच्या दिवशी घ्यावी. एक दिवस राखून मुरैना जिल्ह्यातील बटेश्वरची पुन्हा उभी केलेली मंदिरे पाहावीत. आमच्या मते पुष्कळ नावाजलेल्या जागांहून ती सरस आहेत.

बडोद्याच्या गुरुजींना उत्तर गेले आहे. चार दिवस या आणि चारही दिवस येथेच राहा, आग्र्याचे तिकीट काढू नका. आईंना उरवाई दरवाजाने मोटारीतून वर नेऊ, मुलांना पूर्वेच्या चढाने आम्ही चालवत आणतो. आईंसाठी शाल घ्या. हजिरा तिसऱ्या दिवशी ठेवला आहे. त्या घरातल्या बाईंना पाच माणसांच्या चहाचा निरोप दिला आहे. त्यांनी उलट विचारले आहे की बडोद्याच्या अक्का का येत नाहीत.