कुलूप काढणाऱ्याने किल्ली दाखवावी

संगणकाचा धनी जागेवरून उठून गेला, म्हणजे काही वेळाने पडदा काळा होतो आणि परत आल्यावर परवलीचा शब्द विचारला जातो. यालाच पडद्याचे कुलूप म्हणतात. हे कुलूप केव्हा लागावे, किंवा मुळीच लागू नये, हे चित्रमय खिडकीतून ठरविता येते. तसेच टर्मिनलमध्ये आज्ञेची एक ओळ टंकूनही ठरविता येते.

ही दुसरी रीत केवळ तज्ज्ञांचा छंद होय, असे समजणे योग्य नव्हे. प्रयोगशाळेतील ५० संगणकांवर एकच नियम लागू करावयाचा असल्यास प्रत्येकापुढे बसून खिडक्या उघडणे हे कंटाळवाणे व चुकांना वाव देणारे काम आहे. लिहून ठेवलेली आज्ञा मात्र सर्वत्र सारखीच चालते, आणि काय केले याची नोंदही मागे राहते.

परंतु हीच सोय परक्याच्याही हाती पडू शकते. लिनक्सवरील ग्नोम या व्यवस्थेत 'जीसेटिंग्ज' नावाच्या आज्ञेने 'लॉक-एनेबल्ड' या नोंदीचे मूल्य 'फॉल्स' केले, की कुलूप लागणे थांबते. आणि हा बदल करताना परवलीचा शब्द विचारला जात नाही. उघडा राहिलेला संगणक कोणाला अर्धा मिनिट मिळाला, तरी तेवढ्यात त्याचे कुलूप कायमचे निकामी होऊ शकते. धन्याला पुढे कित्येक दिवस त्याचा पत्ताही लागणार नाही.

ॲपलच्या मॅकओएसमध्ये याच कामासाठी 'सिसॲडमिनसीटीएल' ही आज्ञा आहे. ती 'स्क्रीनलॉक' या पर्यायासह वापरताना वापरकर्त्याचा परवलीचा शब्द द्यावा लागतो. हीच पद्धत अधिक न्याय्य होय. मात्र तो शब्द आज्ञेच्या ओळीतच लिहिला, तर टंकलेल्या आज्ञांच्या इतिहासात तो उघडा राहण्याचा संभव असतो. म्हणून शब्दाच्या जागी केवळ एक आडवी रेघ द्यावी, म्हणजे यंत्र तो निराळा विचारून घेते.

वारंवार शब्द विचारल्याने काम अडते, असा आक्षेप कोणी घेईल. त्यात तथ्य आहे. पण कुलूप अधिक कडक करणे आणि ते काढून टाकणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. पहिलीला मोकळीक असावी, दुसरीला किल्ली मागावी. ग्नोममध्येही व्यवस्थापकाला 'डीकॉन्फ' या यंत्रणेद्वारे एखादी नोंद बंदिस्त करता येते. मग सामान्य वापरकर्त्याला ती बदलता येत नाही. हा उपाय उपलब्ध असताना कार्यालयांनी व विद्यालयांनी तो न योजणे इष्ट नव्हे.

ज्या यंत्रावर रुग्णांची टिपणे, विद्यार्थ्यांचे गुण किंवा कोणाचे खासगी पत्र साठविलेले असते, त्याचे कुलूप ही एकट्या धन्याची बाब राहत नाही. ते काढण्याचा अधिकार कोणाला आहे, याचा निर्णय यंत्र सोपविण्यापूर्वीच झाला पाहिजे.