कोंडी लंडनची आणि मराठवाड्याची

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडला. त्यानंतर बरोबर ९० दिवसांनी, ३० एप्रिल २०२० रोजी, मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्या विकास मंडळांची मुदत संपली. पहिल्या घटनेने साडेतीन वर्षे जगभरच्या वृत्तपत्रांचे रकाने भरले होते. दुसरी घटना टाळेबंदीच्या बातम्यांत कुठल्या कुठे विरून गेली. बीड तालुक्यातील नेकनूरसारख्या गावाच्या दृष्टीने मात्र दुसरीच घटना अधिक जवळची होती. वरवर पाहता या दोहोंचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तथापि दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. एखादा प्रदेश एका मोठ्या राजकीय संघात कोणत्या अटींवर नांदतो, आणि त्या अटींचा निर्णय ज्यांनी करायचा त्याच संस्था ठप्प झाल्या तर त्याची किंमत कोण मोजतो, हा तो प्रश्न.

आधी लंडनकडे पाहू. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. बाहेर पडायचे हे त्यातून ठरले. कसे पडायचे, हे ठरले नाही. पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपीय संघाशी केलेला करार १५ जानेवारी २०१९ रोजी ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. आधुनिक ब्रिटिश संसदीय इतिहासात कोणत्याही सरकारचा एवढा मोठा पराभव झालेला नव्हता. मार्चमध्ये हाच करार आणखी दोनदा नामंजूर झाला. २७ मार्चला सदस्यांनी स्वतःहून आठ पर्याय मतास टाकले आणि आठही फेटाळले. १ एप्रिलला पुन्हा चार पर्याय आले. त्यांपैकी सीमाशुल्क संघात राहण्याचा पर्याय अवघ्या तीन मतांनी हुकला. पुढे बोरिस जॉन्सन यांनी संसद संस्थगित केली, ती कृती सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी २४ सप्टेंबरला एकमताने बेकायदा ठरविली आणि अखेर १२ डिसेंबरच्या निवडणुकीने ही कोंडी फोडली. जगाने या साऱ्या प्रकाराची यथेच्छ टिंगल केली. मात्र त्या गोंधळातील एक गोष्ट दृष्टिआड होऊ नये. प्रत्येक पर्यायावर मतदान झाले आणि कोणत्या सदस्याने कोणत्या बाजूने मत दिले, याची नोंद झाली.

याच ब्रिटनच्या एका कोपऱ्यात त्यानंतर जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. उत्तर आयर्लंडने २०१६ मध्ये ५५.८ टक्के मतांनी युरोपीय संघात राहण्याचा कौल दिला होता. तरीही बाहेर पडण्याच्या करारातील सर्वात अवघड गाठ त्याच प्रदेशाच्या सीमेवर पडली. मालाची तपासणी आयर्लंड बेटावर न करता समुद्रमार्गे येणाऱ्या मालाची करावी, ही तडजोड तेथील डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाला मान्य नव्हती. निषेध म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये तो पक्ष प्रादेशिक सरकारमधून बाहेर पडला. तेथील घटनात्मक व्यवस्थेनुसार दोन्ही प्रमुख समाजगटांच्या पक्षांवाचून सरकार चालत नाही. परिणामी ३ फेब्रुवारी २०२४ पर्यंत, म्हणजे सुमारे दोन वर्षे, बेलफास्टमधील सरकार बंद राहिले. वाद व्यापाराच्या नियमांचा होता; खोळंबा मात्र रुग्णालयांचा, शाळांचा आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा झाला. एका प्रश्नाच्या सोडवणुकीसाठी दुसरीच संस्था ओलीस धरली की काय होते, याचे हे उदाहरण होय. महाराष्ट्रानेही त्याच सुमारास असाच एक प्रयोग पाहिला.

तो समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. नेकनूरने जागा न बदलता अनेक राज्ये पाहिली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत तेथे निजामाची राजवट होती. त्यानंतर आठ वर्षे बीड जिल्हा भारतीय संघराज्यातील हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. राजधानी हैदराबादहून मुंबईला गेली. मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त सामील झाला, असे अभिमानाने सांगितले जाते आणि त्या भावनेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु अट घातली नाही याचा अर्थ शब्द दिला गेला नव्हता, असा होत नाही.

तो शब्द २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात आहे. निधीचे वाटप, सरकारी नोकऱ्या आणि उच्च शिक्षणातील प्रवेश यांत प्रत्येक विभागाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल, मराठवाड्याचे मागासलेपण ध्यानात घेऊन त्याच्या सर्वांगीण विकासाकडे विशेष लक्ष दिले जाईल आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जाईल, असे त्यात नमूद आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने या आश्वासनाला राज्यघटनेच्या कलम ३७१(२) चे रूप दिले. राष्ट्रपतींच्या आदेशाने स्वतंत्र विकास मंडळे स्थापन करावीत, त्यांच्या कामाचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे ठेवावा आणि निधी, तंत्रशिक्षण व नोकरीच्या संधी यांच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवावी, अशी ती तरतूद आहे.

घटनेत कलम आले. मंडळे यायला पुढची ३८ वर्षे लागली. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा काढला आणि त्यात मराठवाड्याचा वाटा जवळजवळ २४ टक्के असल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंडळे स्थापन करावीत असा ठराव केला. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी हा प्रश्न सातत्याने धसास लावला. ठरावानंतरही दहा वर्षे गेली आणि १९९४ मध्ये मंडळे प्रत्यक्षात आली. त्यांना ठरावीक मुदत होती आणि ती वेळोवेळी वाढविली जात असे. पुढे हा प्रघात इतका अंगवळणी पडला की मुदतवाढ हा निव्वळ कारकुनी उपचार आहे, असे सर्वांनी गृहीत धरले.

हे गृहीतक २०२० मध्ये कोसळले. महाविकास आघाडीचे सरकार आणि राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्यात संघर्ष पेटला. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने विधान परिषदेवर नियुक्तीसाठी १२ नावे राज्यपालांकडे पाठविली. राज्यपालांनी ती मान्यही केली नाहीत आणि परतही पाठविली नाहीत. इकडे मंडळांची मुदत संपून गेली होती. १ मार्च २०२१ रोजी, अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, विरोधी पक्षाने हा विषय विधानसभेत काढला. त्यावर तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता, की राज्यपालांनी १२ नावे जाहीर केली की मंडळांची घोषणा होईल. विदर्भ-मराठवाड्याला ओलीस धरले जात असल्याचा आरोप विरोधकांनी केला. तो आरोप राजकीय होता, पण निराधार नव्हता. मात्र दुसऱ्या बाजूचा दोषही झाकता येणार नाही. मंत्रिमंडळाची शिफारस महिनोन् महिने दाबून ठेवणाऱ्या राज्यपालांनीही कोंडी घट्ट करण्यात आपला वाटा उचलला. वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले. तरीही निर्णय झाला नाही. ज्या राज्यपालपदावर मराठवाड्याच्या न्याय्य वाट्याची विशेष जबाबदारी घटनेने टाकली, तेच पद या सौद्यातील एक पक्ष होऊन बसले, हा यातील खरा विरोधाभास.

सरकार बदलल्यानंतर कोंडी फुटेल अशी अपेक्षा होती. एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळाने २७ सप्टेंबर २०२२ रोजी मंडळांच्या पुनर्स्थापनेचा निर्णय घेतलाही. राज्यात आणि केंद्रात एकाच आघाडीची सत्ता, राजभवनाशी संघर्ष नाही, असा सारा योग जुळून आला. तरीही राष्ट्रपतींच्या आदेशाची वाट पाहण्यात २०२३ साल संपूर्ण गेले. यावरून एक गोष्ट सिद्ध होते. भांडण हे कोंडीचे निमित्त होते. तिचे कारण अनास्था हे होते. ज्या मंडळांवाचून कोणाचे अडत नाही असे मुंबईला वाटते, त्यांची फाईल भांडणाच्या काळात अडते आणि सलोख्याच्या काळातही पडून राहते.

मंडळांच्या उपयुक्ततेविषयीच शंका घेणारा एक पक्ष आहे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेण्याजोगे आहे. मंडळांना निधी खर्च करण्याचे स्वतंत्र अधिकार फारसे नव्हते. त्यांचे अध्यक्षपद अनेकदा राजकीय सोयीचे साधन ठरले. नियुक्त राज्यपालाने निर्वाचित विधानसभेच्या अर्थसंकल्पाला दिशा देणे लोकशाहीत कितपत योग्य, हा आक्षेपही गंभीर आहे. विजय केळकर यांच्या समितीने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालानंतर अनुशेष मोजण्याच्या जुन्या पद्धतीवरच नव्याने वाद झाला. हे सारे आक्षेप खरे मानले तरी त्यांतून निघणारा निष्कर्ष एवढाच, की मंडळे सुधारावीत किंवा रीतसर चर्चा करून मोडीत काढावीत. त्यांपैकी काहीच न करता त्यांची मुदत मुकाट्याने संपू देणे, हा निष्कर्ष कोणत्याही युक्तिवादातून निघत नाही.

येथे लंडन आणि मुंबई यांतील फरक ठळकपणे दिसतो. ब्रिटिश संसद अडली ती मतदान करून अडली. मतदाराला आपला प्रतिनिधी कुठे उभा होता हे कळले आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याने त्याचा हिशेब केला. मंडळांच्या मुदतवाढीवर मतविभागणी झालीच नाही. मराठवाड्यातील कोणत्याही आमदाराला त्यावर हात वर करावा लागला नाही की खाली ठेवावा लागला नाही. म्हणून जाब कोणाला विचारायचा हेही कळत नाही.

याउलट वेगळेपणाचा नुसता उच्चार झाला तरी सभागृह कसे पेटून उठते, हे मार्च २०१६ मध्ये दिसले. राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी जालना येथे स्वतंत्र मराठवाड्याची भाषा केली. विधिमंडळात गदारोळ झाला आणि २२ मार्चला त्यांना पद सोडावे लागले. राज्याच्या अखंडतेविषयीची ही संवेदनशीलता समजण्याजोगी आहे. परंतु एकीकरणाच्या वेळी दिलेल्या शब्दाची मुदत संपली, तेव्हा तिच्यातील दहावा हिस्साही दिसला नाही. ऐक्य हे वेगळेपणाची भाषा दडपून टिकत नाही, दिलेला शब्द पाळून टिकते. ब्रिटनलाही स्कॉटलंडच्या बाबतीत हाच धडा अजून गिरवावा लागत आहे.

नेकनूरच्या रहिवाशाला कलम ३७१(२) तोंडपाठ असण्याचे कारण नाही. ते नसल्याचे परिणाम मात्र त्याला ठाऊक आहेत. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांवर जातात. कलमातील ‘नोकरीच्या संधी’ या शब्दांचा अर्थ त्यांच्यापुरता कोयता हाच राहिला आहे. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग गेल्या शतकाच्या अखेरीस मंजूर झाला. बीड शहरात पहिली प्रवासी गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्रामदिनी. मंडळ असते तर गाडी लवकर आली असती असा दावा करणे भाबडेपणाचे ठरेल. मंडळ असतानाही ती आली नव्हती. परंतु कोणत्या विभागाला काय मिळाले आणि काय राहिले, याचा वार्षिक हिशेब विधानसभेपुढे ठेवण्याचे घटनात्मक बंधन ज्या एका व्यवस्थेतून येत होते, ती व्यवस्था बंद पडली, हे नाकारता येणार नाही.

उपाय फार मोठा नाही. अशा मंडळांची मुदत संपण्यापूर्वी त्यांच्या भवितव्यावर विधानसभेत चर्चा आणि नोंदलेले मतदान झालेच पाहिजे, असा नियम सभागृह स्वतःसाठी करू शकते. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. मतदानात मंडळे हरली तर हरोत. ती कोणाच्या मताने हरली, हे नेकनूरला कळेल. १९५३ साली दिलेला शब्द १२ जागांच्या हिशेबात हरवला. पाळायचा नसेल तर तो निदान उघडपणे, नाव नोंदवून मोडावा, एवढीच मराठवाड्याची रास्त अपेक्षा आहे.