आजोबांच्या रायफलचा बोल्ट अडतोय?



मंचेरियलच्या परिसरातल्या जुन्या घरांत कधीकधी एखादी परवान्याची रायफल अजून असते. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, जन्नारमकडचं कव्वालचं जंगल 2012 साली व्याघ्र प्रकल्प झालं. रायफल मात्र आजोबांकडून नातवाकडे येते, किंवा कुणाकडून जुनी विकत घेतली जाते. मग तक्रार सुरू होते, बोल्ट अडतो.

हात लावण्याआधी एकच काम. नळीचं तोंड माणसांपासून दूर, बोट चापापासून लांब, मॅगझिन बाहेर, बोल्ट उघडून आत काडतूस नाही ना हे डोळ्यांनी बघायचं. बोल्ट उघडतच नसेल तर रायफल भरलेलीच आहे असं समजा. हातोडीचा ठोका घालू नका, पायाने दट्ट्या मारू नका. घरातली मुलंबाळं खोलीबाहेर काढा आणि परवानाधारक कारागिराला घरी बोलवा.

बोल्ट उघडत असेल, तर तो नेमका कुठे अडतो ते पाहा. सगळं उत्तर त्यातच आहे.

मागेपुढे सरकताना जड जात असेल तर बहुतेक वेळा दोष तेलाचा. आपल्याकडे पूर्वी जे हाताशी असेल ते, अगदी खोबरेलही चोळत. खोबरेल आपल्या डिसेंबरच्या थंडीत बाटलीत गोठतं, मग बोल्टच्या खाचेत काय करत असेल? शिवाय खाण्याची काही तेलं वर्षानुवर्षांत डिंकासारखी चिकट होतात. बोल्ट काढून रॉकेलने पुसा, कोरडा करा आणि बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. तेल जास्त झालं की धूळ धरते.

बंद करताना शेवटी जोर लागतो? आपल्याकडची .315 बोरची रायफल ली-एनफील्डच्या धाटणीची असते. (.303 ही फौजेची गोळी, ती खासगी हातात जाऊ नये म्हणून हा वेगळा बोर आला.) हिचा घोडा बोल्ट बंद करतानाच ताणला जातो, त्यामुळे थोडा जोर लागणारच. तो बिघाड नाही. पण जुनी घेतलेली असेल तर बोल्टवरचा नंबर आणि रायफलचा नंबर जुळतो का, ते पाहा. जुळत नसेल तर बोल्ट कदाचित दुसऱ्याच रायफलचा असेल, आणि काडतुसामागची जागा कमी-जास्त असू शकते. कारागिराने मोजल्याशिवाय ती झाडू नये.

खरी काळजीची गोष्ट तिसरी. गोळी झाडल्यावर दांडी वर उचलत नाही. गंजून खडबडीत झालेला चेंबर, किंवा जुन्या काडतुसामुळे वाढलेला दाब, दोन्ही शक्य. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या क्षारांना ओल धरते आणि नळी आतून खायला लागते. गोदावरीकाठच्या पावसाळ्यात तर लवकरच. अशा वेळी दुसरी गोळी घालायची नाही.

दुरुस्ती गल्लीतल्या लोहाराकडे नको. शस्त्र कायदा 1959 प्रमाणे बंदूक दुरुस्तीच्या धंद्याला स्वतंत्र परवाना लागतो. त्याचा परवाना बघा, आपला सोबत न्या आणि रायफल ठेवून येताना नंबर घातलेली पावती घ्या. आजोबा गेले आणि परवाना अजून त्यांच्याच नावावर असेल, तर दुरुस्ती नंतर. आधी रायफल ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि वारसाच्या नावाने अर्ज भरा.