घंटा आपली, चर्च परकं?

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती वास्तूंबद्दल आपल्याकडे एक वाक्य ठरून गेलं आहे: ‘पोर्तुगिजांनी आणलं, इंग्रजांनी वाढवलं.’ सोलापुरात राहून मी हे वर्षानुवर्षं ऐकत आलोय. फक्त इथे पोर्तुगिजांच्या जागी अमेरिकन मराठी मिशन येतं, कारण आमच्या शहरातल्या ख्रिस्ती समाजाच्या वाढीत एकोणिसाव्या शतकातल्या त्या मिशनचा हात मोठा. सोलापूरपुरतं वाक्य चालून जाईल. कोकणपट्टीला लावलं की ते पार चुकतं. माझा राग चुकीवर नाही. ती तपासून पाहावी असं कुणाला वाटत नाही, यावर आहे.

पुरावा काही दडवून ठेवलेला नाही. सहाव्या शतकात कॉस्मस इंडिकोप्लेउस्टेस नावाच्या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलं आहे की, कल्लियाना इथे एक बिशप आहे आणि त्याची नेमणूक पर्शियातून होते. कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. बिशप आहे म्हणजे समाज आहे, आणि समाज आहे म्हणजे प्रार्थनेची जागा आहे. पुढे 1321 साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले. ते उतरले होते ते ठाण्यातल्याच एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाकडे. त्यांचा सोबती जॉर्डनस याने त्यांचे मृतदेह सोपाऱ्याच्या चर्चमध्ये पुरल्याचं त्या काळच्या वृत्तांतांत येतं. वास्को द गामा कालिकतला पोचला 1498 साली. म्हणजे सोपाऱ्यातलं चर्च त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधीचं.

ते चर्च कुठे आहे? सोपाऱ्यात 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी बुरूड राजाच्या कोटाचा स्तूप उघडला, त्यातला करंडक जगाला दाखवला. काम थोर होतं, त्याबद्दल वाद नाही. अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडाही याच गावात सापडला. पण चर्च शोधायचं म्हणून कुणी तिथे कुदळ मारली नाही. आता नालासोपाऱ्यात इमारतीला इमारत लागून उभी आहे, कल्याणची तीच गत. प्रत्येक नव्या पायाबरोबर जमिनीचे थर उपसून डंपरमध्ये जातात. तिथे काय होतं हे आता डंपरवाल्यालाच ठाऊक, आणि त्याला कुणी विचारलेलं नाही.

‘सापडलं नाही म्हणजे नव्हतंच’ म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे: तुम्ही शोधत काय होतात? मनोरा? कमान? सिरियात युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं चर्च उजेडात आलं, जगातल्या सर्वांत जुन्या ज्ञात चर्चपैकी एक. बाहेरून ते शेजारच्या घरांसारखंच घर होतं. आतली भिंत पाडून खोली मोठी केलेली, एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड, भिंतींवर चित्रं. ही चित्रं आणि कुंड शिल्लक नसतं तर उत्खननाच्या अहवालात ‘एक निवासी घर’ एवढीच नोंद झाली असती. कल्याणच्या व्यापाऱ्यांची प्रार्थनेची जागा याहून वेगळी असेल असं मानायला आधार काय?

उलट, आकारावरून निकाल देणंही धोक्याचं. आमच्या जवळच्या तेरचं उदाहरण घ्या. तेर म्हणजे ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांना माहीत असलेलं तगर. पॉम्पेईत सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीची बहीण शोभेल अशी मूर्ती इथे मिळाली आहे. तिथलं त्रिविक्रम मंदिर विटांचं, मागची बाजू अर्धगोल. मूळचा तो बौद्ध चैत्य असावा असं अनेक अभ्यासक मानतात. रोमन बॅसिलिका पद्धतीच्या चर्चचंही मागचं टोक असंच अर्धगोल असतं. म्हणून उद्या कुणी ‘तेरला चर्च होतं’ म्हणाला तर मी त्याला हसेन. नुसत्या आकृतीवरून धर्म ठरत नाही.

लिपीचंही तेच. गोव्यात आगशी इथे 2001 साली फादर कॉस्मे कोस्ता यांना पहलवी लेख असलेला दगडी क्रूस मिळाला. पोर्तुगीजपूर्व ख्रिस्ती वस्तीचा हा भक्कम दुवा आहे, कारण तिथे क्रूस आणि लेख एकाच दगडावर आहेत. पण नुसती पहलवी अक्षरं दिसली म्हणून ख्रिस्ती म्हणता येत नाही. कान्हेरीच्या लेण्यांत 1009 आणि 1021 सालचे पहलवी लेख आहेत. ते तिथे आलेल्या पारशांनी कोरलेले.

हे मी ख्रिस्ती मित्रांनाही सुनावतो. कुठेही जुनी वीट दिसली की थेट संत थॉमसला आणून उभं करायची हौस काहींना असते. त्याने नुकसान असं होतं की खरे पुरावेही दंतकथेच्या टोपलीत टाकले जातात. कॉस्मसचं एक वाक्य शंभर दंतकथांहून वजनदार आहे. त्यावरच उभं राहावं.

आता घंटांबद्दल. चिमाजी आप्पांनी 1739 साली वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे, घाटावर अशी एक घंटा टांगलेली आहे. तिच्यावर 1707 साल आहे आणि मेरीमातेच्या कडेवर बाळ येशू. भीमाशंकरलाही अशीच घंटा आहे. घंटा आपल्या झाल्या, भाविकांनी वाजवल्या, कुणाचं काही बिघडलं नाही. मात्र त्या जिथून काढल्या ती वसईची चर्चं अजून ‘पोर्तुगीज अवशेष’. त्यांत पिढ्यान्‌पिढ्या गुडघे टेकणारी, घरात मराठीची बोली बोलणारी माणसं पाटीवर येतच नाहीत. अंधेरीच्या सीप्झच्या कुंपणात 1579 सालच्या सेंट जॉन चर्चचे अवशेष उभे आहेत. साथीमुळे 1840च्या सुमारास गावकरी मरोळला गेले, ते स्थानिकच होते. आज त्यांच्या वंशजांना तिथे जायचं तर परवानगी लागते.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: ‘म्हणजे तुम्हाला ख्रिस्ती लोक इथले जुने आहेत हे सिद्ध करायचंय?’ नाही. दीडशे वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेल्या सोलापूरच्या गिरणी कामगाराचा या मातीवरचा हक्क कल्याणच्या बिशपवर अवलंबून नाही. वयाचा दाखला मागून माणसं आपली-परकी ठरवायची, हा खेळच मला मान्य नाही. त्यात जिंकण्यासाठी मी उत्खनन मागत नाही. मी ते मागतो, कारण इतिहासाचा एक अख्खा थर आपण न वाचता फेकतो आहोत.

मागणी अवघड नाही. कल्याण, ठाणे, सोपारा इथल्या जुन्या गावठाणात पाया खणताना पुरातत्त्वाचा जाणकार हजर असावा, खर्च बिल्डरच्या परवानगी शुल्कातून निघावा. देवळांच्या, मशिदींच्या, वाड्यांच्या भिंतींत बसवलेले जुने दगड नीट पाहून त्यांची नोंद व्हावी. त्यात क्रूस निघाला तरी, शिवलिंग निघालं तरी. आणि वसईच्या किल्ल्यातल्या प्रत्येक चर्चसमोर मराठीत एक पाटी लागावी, जिच्यावर बांधणाऱ्या पाद्र्यांबरोबर तिथे प्रार्थना करणाऱ्या गावांची नावं असतील.